आज म्हणजे कवाचं?

"पत्रकाराचं घर ह्येच न्हवं?"

१२ मार्च २०१९, मंगळवार. सकाळी नऊच्या सुमारास मी अंगणात गाडी पुसत होतो. फाटकापाशी सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात नातवाचा मोबाइल. आटपाडी तालुक्यातले. लेकीकडं विट्याला आले होते, तिथून पत्ता विचारत माझ्या दारात. पाणी नको, चहा नको, आधी मोबाइल पुढे केला.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर होता. टेंभू योजनेचं (कृष्णेतून उपसून दुष्काळी तालुक्यांना दिलं जाणारं) पाणी आज रात्री भूडच्या उपसा टप्प्यावर पोचणार असून उद्या दुपारपर्यंत ते पुढील कालव्यात सोडण्यात येईल, वगैरे. खाली माझं नाव आणि ब्लॉगचं नाव. नाव नसतं तरी ओळखलं असतं. 'सोडण्यात येईल' असं पेपरात जन्म काढलेल्या माणसाशिवाय कोण लिहितो?

"ह्ये वाचून दोन टँकर नगं म्हनून सांगितलं मी. डाळिंबाला. आठ दिस झालं. पानी कुठाय?"

मजकूर खरा होता, शब्द न् शब्द माझा होता, पाणीही त्या रात्री खरंच पोचलं होतं. फक्त ती रात्र २०१७च्या एप्रिलमधली होती.

त्यांना मी ब्लॉगवरची मूळ नोंद उघडून दाखवली. वर बारीक करड्या अक्षरात तारीख होती. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "मग ह्यात न्हाई ती?" कुणीतरी मजकूर तेवढा उचलून गटात टाकला होता. मुंडकं ब्लॉगवर राहिलं होतं, धड गावोगाव फिरत होतं. टँकरचे पैसे मी देतो म्हणालो, तर त्यांना राग आला. फूल गळलं ते गळलं, म्हणाले, तू लिहिताना नीट लिही.

मी १९९४मध्ये तालुका वार्ताहर झालो. तेव्हा 'आज' हा शब्द माझ्या डोक्यात असा घट्ट बसला होता की तो कधी दगा देईल असं वाटलंच नव्हतं. पेपरात बातमीच्या तोंडाशी 'विटा, ता. ११' लागायचं आणि मजकुरात 'आज' यायचं. वाचकाच्या हातात अंक १२ तारखेला. त्याला ते सवयीनं कळायचं, पेपरातलं आज म्हणजे आपलं काल. काही दैनिकांत 'आज'ला मनाई होती, तिथं 'सोमवारी' लिहायचं. पद्धत कुठलीही असो, पानाच्या कपाळावर तारीख असायची आणि संध्याकाळपर्यंत ते पान भज्यांच्या पुड्याला जायचं.

त्या दिवसांबद्दल जास्त गळा काढणार नाही, पण थोडं सांगतो. बातमी लिहायची पाठकोऱ्या कागदावर. दुपारी साडेचारच्या सांगली गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं, पाकिटावर 'प्रेस टपाल, तातडीचे'. सांगलीच्या स्टँडवर ऑफिसचा शिपाई उभा. गाडी तासगावला पंक्चर झाली तर त्या दिवशी खानापूर तालुक्यात काहीच घडलं नाही. मग फॅक्स आला. एसटीडी बूथवाला पानाला पैसे लावायचा, म्हणून मी अक्षर बारीक केलं. डेस्कवरचे लोक शिव्या घालायचे. त्यानंतर संगणक, श्रीलिपी आणि ई-मेल. ऑफिसात फॉन्टची आवृत्ती बदलली की माझी बातमी तिथं इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि टक्क्यांच्या चिन्हांची खिचडी होऊन उघडायची. फोनवरून सगळी बातमी पुन्हा सांगायची. हातानं लिहिलेली बरी होती, असं तेव्हा बऱ्याचदा वाटलं.

ब्लॉग २००९मध्ये सुरू केला तो तंत्रज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे, रागापोटी. माझी चारशे शब्दांची बातमी दुसऱ्या दिवशी सिंगल कॉलममध्ये पाच ओळी होऊन यायची. उपसंपादकाचा दोष नव्हता, जाहिरात आली की बातमीच कापली जाणार. पण कापलेल्या साडेतीनशे शब्दांत माणसं असायची. ती कुठंतरी ठेवावीत म्हणून ब्लॉग. युनिकोडमध्ये टंकायला शिकलो, इन्स्क्रिप्ट कळफलकावर. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द मला पहिले पंधरा दिवस लिहिता आला नाही. कधी 'शेतकर्यांचा' उमटायचं, कधी र मोकळा सुटायचा. ज्या तालुक्यात दिवसातून वीस वेळा शेतकऱ्यांचा लिहायचं तिथं ही पंचाईत. शेवटी एका मुलानं दाखवलं, साधा र नाही, शिफ्ट दाबून जे वाजवायचं, नुक्त्याचा ऱ येतो, मग पाय मोडायचा. त्या दिवशी मी एका ओळीत दहा वेळा शेतकऱ्यांचा लिहिलं आणि बघत बसलो.

वाचायला कोण येणार, हा प्रश्नच होता. विट्यात तेव्हा नेट कॅफे होते, त्यात पोरं रेल्वेची तिकिटं आणि परीक्षांचे निकाल बघायची. उत्तर मिळालं २०१०च्या दसऱ्याला. विट्यात दसऱ्याला पालख्यांची शर्यत असते. मूळस्थानचे रेवणसिद्ध आणि विट्याचे रेवणसिद्ध, दोन पालख्या खांद्यावर घेऊन माणसं जी पळतात ती बघायला अख्खा तालुका रस्त्याच्या कडेला. शर्यत संपल्यावर मी सात-आठ फोटो आणि थोडा मजकूर ब्लॉगवर टाकला. रात्री उघडून बघतो तर चाळीसच्या वर प्रतिक्रिया. कोइम्बतूर, त्रिसूर, कोलकाता, अमृतसर.

ही आमची गलाई मंडळी. बाहेरच्यांना सांगायला हवं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातले लोक पिढ्यान् पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. भट्टी, मूस आणि तेजाब यावर संसार. गावाकडं येणं जत्रेला, लग्नाला आणि दसऱ्याला. ज्यांना येता आलं नाही ते त्या रात्री माझ्या ब्लॉगवर होते. एकानं लिहिलं होतं, 'मागून तिसऱ्या फोटोत पांढऱ्या टोपीतले आमचे आण्णा आहेत, मोठा फोटो आहे का?' सोळा वर्षं पेपरात लिहून मला असं पत्र कधी आलं नव्हतं. आमचा पेपर त्यांच्यापर्यंत टपालानं चार-पाच दिवसांनी पोचायचा, तोही ज्यानं वर्गणी भरली त्यालाच.

तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की माझा 'आज' कोलकात्यात वेगळा वाचला जातो. नाही आलं.

मधल्या वर्षांत ऑफिसलाही वेबसाइटचा साक्षात्कार झाला. आधी वेबला तीन ओळी टाका, सविस्तर संध्याकाळी. तालुक्याच्या ठिकाणी हे सांगायला सोपं. अपघाताच्या जागी उभं राहून एका हातानं फोटो काढायचा, दुसऱ्या हातानं तीन ओळी टंकायच्या आणि मृताचं नाव घरच्यांना कळायच्या आधी आपल्याकडून बाहेर पडणार नाही, एवढं भान ठेवायचं. हे शेवटचं शिकायला मला तंत्रज्ञानापेक्षा जास्त वेळ लागला आणि एकदा ते मी चुकलोही. त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

गमतीचं सांगतो. वेब डेस्कवरच्या मुलानं एकदा फोन केला. "सर, तुमच्या बातम्या सर्चमध्ये येत नाहीत." का? तर माझ्या गावाचं नाव विटा. गुगलवर विटा शोधलं की विटांचे भाव, वीटभट्टी, लाल विटा की सिमेंटच्या विटा. मथळ्यात 'विटा शहर' किंवा 'सांगली' हवंच, असा फतवा निघाला. मग 'विटा येथे' ऐवजी 'सांगली : विटा शहरात' लिहायला लागलो. गावातल्या लोकांनी विचारलं, आपलं गाव सांगलीत कधी गेलं?

'पाहा व्हिडिओ' आणि 'जाणून घ्या' या मथळ्यांबद्दल जुने सहकारी फार कडवट बोलतात. मी त्यात पडत नाही. स्टँडवर पेपर विकणारं पोरगं ओरडायचं तेव्हा खूनच आधी यायचा, धरणाचा पाणीसाठा कधी ओरडून विकलेला मी ऐकला नाही. फरक इतकाच की ते पोरगं आमच्या पगारपत्रकावर नव्हतं.

पगारावरून आठवलं. तालुका वार्ताहराचं घर बातमीवर चाललेलं मी पाहिलेलं नाही. मानधन नावाला, खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनचं. त्यातही मोठा वाटा वाढदिवसांचा. दादांचा, भाऊंचा, युवा नेत्याचा. मोबाइलवर बॅनर फुकट तयार व्हायला लागला आणि रात्री बारा वाजता सगळ्या गटांत पडायला लागला, तेव्हा आमच्या जाहिरातींचा झरा आटत गेला. ब्लॉगवर जाहिरात लावावी म्हटलं तर गुगलच्या जाहिरातींना बरीच वर्षं मराठी चालत नव्हती. हिंदीला २०१४च्या अखेरीस दार उघडलं, मराठीचा नंबर त्यानंतर काही वर्षांनी. माझं खातं मंजूर झाल्यावर पत्ता तपासायला टपालानं आकड्यांची एक पिन येते. ती घेऊन पोस्टमन घरी आला आणि विचारलं, "परदेशात कोण असतं तुमचं?" शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. मला चौदा महिने लागले. आलेल्या पैशांतून मोबाइलचा स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक घेतला. उरलेल्या पैशांचे पेढे.

तर, ते आजोबा गेले त्या रात्री मी ब्लॉग उघडून बसलो. सहाशे अकरा नोंदी. शोधपेटीत 'आज' टाकलं. जवळपास निम्म्या नोंदी समोर आल्या. आज पाणी सुटलं, आज छावणी सुरू, आज बाजार समितीत, काल रात्री, उद्यापासून, येत्या सोमवारी. एकेक उघडायची, नोंदीची तारीख बघायची आणि 'आज'च्या जागी ती घालायची, असं ठरवलं. सोपं काम होतं. तिसऱ्या रात्री घोळ कळला.

मी २०१०च्या दसऱ्याला सकाळी टाकलेली एक नोंद उघडली. तो दसरा १७ ऑक्टोबरला होता, रविवारी. ब्लॉग सांगत होता १६ ऑक्टोबर. मला वाटलं, आपणच चुकलो. मग दुसरी नोंद, तिसरी नोंद. बहुतेक ठिकाणी एक दिवस मागे. शेवटी सेटिंगमध्ये खोल गेल्यावर दिसलं की ब्लॉगचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर होतं. तसंच मिळालेलं, मी कधी बदललंच नव्हतं. हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. म्हणजे विट्यात सकाळी टाकलेली नोंद तिथल्या आदल्या संध्याकाळची. दहा वर्षं माझ्या बातम्या कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर छापल्या जात होत्या आणि तारखेवरून त्या आजोबांना मी मोठ्या रुबाबात सांगत होतो, हे बघा, वर लिहिलंय की.

एकोणीस रात्री लागल्या. काही 'आज' मला सोडवता आले नाहीत. रात्री बारा चाळीसला लिहिलेल्या नोंदीतला आज कुठला, झोपायच्या आधीचा की नंतरचा? तिथं मी कंसात 'नेमका दिवस आता सांगता येत नाही' असं लिहून टाकलं. पेपरात असं कधी छापून दिलं नसतं कुणी.

याच कामात दुसरी एक लाज वर आली. काही नोंदी मी नंतर गुपचूप दुरुस्त केलेल्या होत्या. नाव चुकलं, आकडा चुकला, वाचकानं दहा मिनिटांत खाली लिहिलं, मी चटकन बदललं आणि त्याची प्रतिक्रियाही काढून टाकली. पेपरात चूक झाली की चौथ्या दिवशी सहाव्या पानावर तळाला 'चूकभूल' म्हणून दोन ओळी यायच्या, त्याही आल्या तर. पण छापलेली चूक छापलेली राहायची. माझ्या फायलीत १९९८चं एक कात्रण आहे, त्यात मी जिवंत माणसाला 'कै.' लावलंय. ते गृहस्थ नंतर भेटले की दरवेळी "कैलासवासी आलेत" म्हणून हाक मारायचे. ब्लॉगवर मी अशा सगळ्या हाका पुसून टाकल्या होत्या. आता खाली 'दुरुस्ती' अशी ओळ टाकतो, वेळेसकट. आधी काय लिहिलं होतं तेही.

नवी सवय लागून पाच महिने झाले आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. आमचा पट्टा कोरडा. तिकडे सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी मागे टाकून पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि त्याच आठवड्यात इकडे आटपाडी-जत भागात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत होते. एकाच जिल्ह्यात. गलाई मंडळींचे फोन दिवसरात्र, कारण त्यांच्या लेकी पलूस आणि मिरज तालुक्यांत दिलेल्या. मी पुलाच्या पातळीची प्रत्येक नोंद 'बुधवार, ७ ऑगस्ट २०१९, सायंकाळी ६' असं वाक्यातच गुंफून टाकत होतो. मजकुराचं पहिलंच वाक्य ते, कापायचं तर पहिलं वाक्य कापावं लागेल. ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा मृतांचे वेगवेगळे आकडे फिरायला लागले. मी आकडा लिहिलाच नाही, कुठल्या वेळी कोण काय सांगतंय एवढंच लिहीत गेलो. ऑफिसातून फोन, बाकीच्यांकडे आकडा आहे, आपल्याकडे का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी तसाच थांबलो.

कोरोनात तर छापील पेपरच घरी येईना. १८ एप्रिल २०२०ला सरकारनं घरोघरी पेपर टाकायला बंदी केली, तीनच दिवसांत ती बऱ्याच भागांत सैल केली, पण तोवर लोकांना पीडीएफची चटक लागली होती. सकाळी सहाला अख्खा अंक मोबाइलवर. मालक चिडले, संपादकांनी लेख लिहिले. मला मात्र ती पीडीएफ आवडायची, पानाच्या कपाळावर तारीख होती ना. तीही दुपारपर्यंत जायची. कुणीतरी एका बातमीचा चौकोन कापून फोटो काढणार आणि मग पुन्हा तेच, 'आजपासून किराणा दुकाने बंद'. आज म्हणजे कुठला आज, ते त्रिसूरमध्ये भट्टीवर अडकलेला माणूस मला रात्री अकराला विचारणार.

आता आमच्या तालुक्यात बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, घेतलेली दहा-बारा पोरं आहेत. जुने लोक त्यांना नावं ठेवतात. काही जण खरंच टोल वसूल केल्यासारखे पत्रकार परिषदेत येतात, ते मान्य. पण एक मुलगी आहे, स्वतःचं चॅनेल चालवते, गावातल्या बायकांना ती जसं बोलतं करते तसं मला जन्मात जमलं नाही. माझ्यासमोर बाई पदर सावरून 'मालकांस्नी इचारा' म्हणते, हिच्यासमोर रेशन दुकानदाराचं मापच काढते. तिनं मला मोबाइल आडवा कधी धरायचा, उभा कधी, हे शिकवलं. मी तिला तारखेचं सांगितलं. ती हसली. "सर, तुम्ही सुरुवातीलाच तारीख बोलता, तोवर माणूस पुढं सरकतो. पहिल्या तीन सेकंदांत त्याला धरायला लागतं." आमचं यावरून दोनदा चांगलंच वाजलं. तिचंही खोटं नाही, माझ्या व्हिडिओंना शंभर-दोनशे माणसं असतात, तिच्याला पन्नास हजार. सध्या तिनं पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तारखेची पट्टी ठेवलीय, पूर्ण व्हिडिओभर. उभा व्हिडिओ कापला की ती पट्टी अर्धी जाते, साल उडून तारीख तेवढी राहते. त्यावर अजून आमचं चाललंय.

ते आजोबा आता माझ्या यादीत आहेत. नातवानं त्यांना स्वतःचा मोबाइल घेऊन दिला. पाण्याबद्दल, बाजाराबद्दल, सरकारी योजनेबद्दल जे काही येईल ते माझ्याकडे ढकलतात आणि खाली आवाजी निरोप, एकाच शब्दाचा, "कवाचं?"

परवा त्यांनी माझीच नोंद मला पाठवली. टेंभूच्या आवर्तनाची, ताजी. पहिल्या वाक्यात वार, तारीख, महिना, साल, वेळ, सगळं. खाली निरोप, "कवाचं?"

मी टंकलं, 'आजचं'. पाठवायचं बटण दाबणार होतो, ते खोडलं आणि तारीख लिहिली.